टोपणे लावणारा माणूस

गेल्या उन्हाळ्यात स्नेहलतागंजमधल्या आमच्या घरी नातवाने टीव्हीवर टिम बर्टनचा ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’ (2005) लावला होता. चॉकलेटची नदी, गाणारे बुटके. सारी अद्भुत गंमत. त्यात चार्लीचे वडील टूथपेस्टच्या कारखान्यात नळ्यांना टोपणे लावतात. चॉकलेट खपते, दात किडतात, टूथपेस्टही खपते आणि त्या वाढीव पैशातून आलेले यंत्र नेमकी त्यांचीच जागा घेते. शेवटी तेच यंत्र दुरुस्त करण्याची चांगली नोकरी त्यांना मिळते. नातू खूश झाला, मीही झालो.

शेजारचे तात्या मात्र हसले नाहीत. एकेकाळी ते इथल्या एका गिरणीत साच्यावर होते. म्हणाले, “दुरुस्तीला एकच माणूस लागतो. टोपणं लावणारा काय तो एकटाच होता का हो?”

मी निरुत्तर झालो. इंदूरची हुकुमचंद मिल नव्वदीच्या आरंभी बंद पडली. तिच्या सुमारे 4800 कामगारांच्या थकलेल्या देण्यांपोटी सुमारे 224 कोटी रुपये सुटायला 25 डिसेंबर 2023 उजाडावा लागला. तोवर कित्येकांनी डोळे मिटले होते.

गिरण्या बुडाल्या त्याची कारणे अनेक. सारे पाप यंत्राच्या माथी मारणे खरे नव्हे. तात्यांचा साचा तरी काय होता? यंत्रच. त्यानेही कधी काळी हातमागवाल्याच्या ताटातली भाकरी उचलली होती. यंत्रावर तात्यांचा रागही नाही. गिरण्या बंद झाल्या, तरी त्यांच्या नावाच्या झाँक्या अनंत चतुर्दशीला इंदूरच्या रस्त्यांवरून रात्रभर निघतात. त्यांतली विजेवर हलणारी चित्रे पाहायला तात्या अजूनही जागतात.

मग प्रश्न यंत्र हवे की नको, हा नाहीच. ज्या पैशातून ते यंत्र आले, तो पैसा टोपणे लावणाऱ्या हातांनीही कमावला होता. यंत्राने वाचवलेल्या श्रमात त्या हातांचा वाटा किती, हे ठरवायचे कोणी? यंत्राला नीती नसते. ती त्याच्या मालकाला आणि त्याच्यामुळे स्वस्त वस्तू घेणाऱ्या आपल्याला असायला हवी.

एकाला न्याय मिळाला की आपण टाळ्या वाजवतो आणि उठतो. त्या दुपारी मला पडद्यावर चार्लीचे वडील दिसले. तात्यांना त्यांच्यामागची रांग दिसली.