नगराच्या खर्चाने, नगरासमोर

ग्रीक नाटकाने आधुनिक रंगभूमीला काय दिले, असे विचारले की ठरलेली उत्तरे येतात: शोकात्म नायक, भावविरेचन, तीन ऐक्ये. यातली ऐक्ये तर धड ग्रीकांची नव्हेतच. अ‍ॅरिस्टॉटलचा आग्रह होता कथानकाच्या एकतेचा. काळाबद्दल तो ओझरते बोलतो, स्थळाबद्दल बोलतच नाही. त्या तिन्हींचा कायदा केला तो १५७० मध्ये कास्तेलवेत्रो या इटालियन भाष्यकाराने. रचनेचे ऋण मात्र खरे आहे. इब्सेनच्या 'गोस्ट्स'मध्ये गाडलेला भूतकाळ थराथराने वर येतो, ती तऱ्हा पु. ल. देशपांड्यांनी मराठीत आणलेल्या सोफोक्लीसच्या 'राजा ओयदिपौस'चीच. पण या हिशेबात एक प्रश्न सहसा येत नाही. हे नाटक भरवत कोण होते?

अथेन्समध्ये नाटक हा नगराचा कारभार होता. डायोनिसस देवाच्या वसंतोत्सवात नाटक करू पाहणारा कवी आर्कन नावाच्या अधिकाऱ्याकडे कोरसची मागणी करी. ती मंजूर झाली की कोरसच्या तालमींचा आणि पोशाखांचा भार एखाद्या धनिक नागरिकावर टाकला जाई. लढाऊ गलबतांचा खर्चही नगर अशाच रीतीने वसूल करी. कोरसमध्ये नाचणारे-गाणारेही नागरिकच. पेलोपोनेशियन युद्धाच्या काळात नाटकांपूर्वी मांडलिक नगरांची खंडणी त्याच रंगस्थळी मांडून दाखवत आणि रणात पडलेल्यांचे मुलगे सरकारी चिलखत घालून मिरवत. सत्तेचा एवढा डामडौल झाल्यावर पुढे नगरस्तुतीच ऐकू येणार, असे कुणालाही वाटेल.

पण इ.स.पू. ४७२ मध्ये एस्किलसने सादर केलेले 'पर्शियन्स' पाहा. आठच वर्षांपूर्वी पर्शियनांनी अथेन्स जाळले होते आणि सालामिसच्या आरमारी लढाईत त्यांचा पराभव झाला होता. एस्किलस स्वतः पर्शियनांविरुद्ध मॅरेथॉनला लढलेला. त्याचा भाऊ तिथेच पडला. तरी नाटक घडते शत्रूच्या राजधानीत, सुसाला. रंगमंचावर एकही ग्रीक नाही. आहेत ते पर्शियन वृद्ध, राजमाता, पराभवाची बातमी आणणारा दूत, मृत राजा दरायसचे भूत आणि फाटक्या वस्त्रांत परतलेला राजा झर्क्सीस. खर्च पुढे अथेन्सचा नेता झालेल्या तरुण पेरिक्लीसचा, आणि बक्षीस पहिले. काही अभ्यासकांना यात विजयाचा माजच दिसतो. दूताच्या वर्णनात तो आहेही. पण मेलेल्या पर्शियन सरदारांची नावे एकामागून एक ऐकताना निव्वळ अभिमान टिकत असेल, हे मला पटत नाही. हे काही निखळ औदार्य नव्हते. मिलेटस या आप्तनगराच्या पाडावावर नाटककार फ्रिनिकसने नाटक केले तेव्हा प्रेक्षक रडले आणि आपल्याच दुःखाची आठवण दिली म्हणून त्याला हजार द्राख्मा दंड झाला. शत्रूचे दुःख चालत होते, घरचे नाही.

युरिपिडीसने याच्याही पुढे पाऊल टाकले. इ.स.पू. ४१६-१५ च्या हिवाळ्यात अथेन्सने मेलोस बेट जिंकून तिथले पुरुष मारले, बायकामुले गुलाम म्हणून विकली. लगेच येणाऱ्या वसंतात 'ट्रोजन विमेन' झाले: ट्रॉय जिंकलेले ग्रीक, आणि वाटणीची वाट पाहणाऱ्या तिथल्या बायका. नाटक मेलोसच्या आधीच बरेच लिहून झाले असेल, असे काही जण म्हणतात. बाकावर बसलेल्याला त्याने काय फरक पडला असेल? शिवाय कोरसमध्ये स्त्रियांना प्रवेश नव्हता. लुटलेल्या बायकांचे मुखवटे लावून विलाप करणारे पंधरा जण अथेन्सचेच पुरुष होते, लढाईला जाणाऱ्या नगराचे. नाटकाने थांबवले काहीच नाही. त्याच उन्हाळ्यात सिसिलीवर आरमार निघाले.

आधुनिक रंगभूमीने यातून उचलली ती प्रामुख्याने सोफोक्लीसची अँटिगनी, राजा क्रेऑनचा हुकूम मोडून भावाला पुरणारी, सत्तेपुढे एकटी उभी राहणारी. फ्रेंच नाटककार आनुईचे 'अँटिगनी' १९४४ मध्ये जर्मन ताब्यातल्या पॅरिसमध्ये जर्मनांच्याच परवानगीने झाले. कुणाला त्यात प्रतिकार ऐकू आला, कुणाला क्रेऑनचीच वकिली. विसाव्या शतकाला ही मुलगी हवी होती, कारण नाटककार सत्तेबाहेर उभा होता. सोफोक्लीसचा प्रेक्षक तसा नव्हता. देशद्रोह्याला आपल्या मातीत पुरू द्यायचे नाही, हा अथेन्सचाही कायदा होता. क्रेऑनचा हुकूम त्याहून कठोर असला तरी त्याची भाषा त्यांना परकी नव्हती. सत्तेशी झुंजावे कसे यापेक्षा आपल्या हातची सत्ता वापरावी कशी, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. तो प्रश्न विचारायला नागरिकांचाच कोरस लागतो आणि नेमका तोच आपण गाळला, किंवा आर्थर मिलरने 'अ व्ह्यू फ्रॉम द ब्रिज'मध्ये केले तसे त्याला सगळे कळूनही काही करू न शकणाऱ्या एका वकिलावर आणून ठेवले.

सरकारी अनुदाने आजही आहेत, पण ती प्रेक्षकाला रंगमंचावर उभे करत नाहीत. अथेन्सजवळ जाणारा एक प्रसंग मला दिसतो तो दक्षिण आफ्रिकेतल्या रॉबेन बेटाच्या तुरुंगातला. तिथल्या कैद्यांनी 'अँटिगनी' बसवले, त्यात नेल्सन मंडेलांनी क्रेऑन केला. पुढे १९७३ मध्ये फ्यूगार्ड, कानी आणि न्त्शोना यांच्या 'द आयलंड'मध्ये दोन कैदी हेच नाटक करतात. तिथे टाळ्या अँटिगनीलाच पडतात, ते साहजिकच आहे. पण मंडेलांसारख्या सत्तेबाहेरच्या माणसाने सत्ताधाऱ्याची भूमिका आतून करून पाहणे मला अधिक ग्रीक वाटते. १९९४ मध्ये त्या माणसाच्या हाती खरोखरच सत्ता आली.