अनारब्धाचे दप्तर

मार्चअखेरीच्या एका दुपारी आमच्या कचेरीतील एका कारकुनाने एका खुलाशाची प्रिंट दिली, ती निघेना म्हणून पुन्हा दिली, आणि घंटा देवापर्यंत पोचली नसावी अशा समजुतीने ती बडवीत राहणाऱ्या भाविकाच्या चिकाटीने आणखी तीन वेळा दिली. रद्द करू गेला, तर रांगेत ‘डिलिटिंग’ हा शब्द उमटला तो उमटलाच. अखेर त्याने संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. पाचही प्रिंटा जागच्या जागी हजर! “साहेब, मेल्यावरसुद्धा सुटका नाही,” असे तो थट्टेने म्हणाला खरा. पण कर्मविपाकाचा सारा प्रश्न त्या थट्टेत आला होता.

छपाईचा हुकूम थेट यंत्राकडे जातच नाही. ‘स्पूलर’ नावाचा बारनिशी कारकून तो आधी दप्तरी दाखल करतो, एका फाइलीत मजकूर आणि दुसरीत तो कोणाचा व कोणत्या प्रिंटरचा हा तपशील. आणि हे दप्तर डिस्कवर असल्यामुळे, स्थूल देह पडला तरी संस्कार वाहून नेणाऱ्या लिंगशरीराप्रमाणे, वीज गेली तरी ते शाबूत राहते.

लोकमान्यांनी ‘गीतारहस्या’त संचित, प्रारब्ध व क्रियमाण ही रूढ विभागणी बाजूस सारून, वेदान्तसूत्रांच्या आधारे, ज्याचा भोग सुरू झाला ते प्रारब्ध आणि ज्याचा व्हायचा आहे ते अनारब्ध, असे दोनच भेद मानले. मला ते पटतात. कारण बटण दाबले की कर्म ‘क्रियमाण’ राहतेच कोठे, ते तत्क्षणी दप्तरात जाते. ज्ञानाने अनारब्ध जळते, प्रारब्ध मात्र, कुंभाराच्या चाकाला मिळालेल्या वेगाप्रमाणे, आपोआप सरेपर्यंत चालतेच, असे शंकराचार्यांचे सूत्रभाष्य सांगते.

मी आधी स्पूलरची सेवा थांबवली. कारण ती चालू असताना फाइल काढू गेल्यास ती वापरात असल्याची सबब पुढे येते, म्हणजे दप्तर कोठे आहे याचे नुसते ज्ञान निवृत्तीवाचून पांगळेच. (कर्मयोगाच्या त्या पुरस्कर्त्याला हे रुचले नसते; पण हा संन्यास मिनिटभराचाच होता.) मग ‘सिस्टिम३२’मधल्या ‘स्पूल’च्या पोटातील ‘प्रिंटर्स’ हे फोल्डर रिकामे केले आणि सेवा पुन्हा सुरू केली. जेवढा मजकूर प्रिंटरच्या स्वतःच्या स्मृतीत आधीच उतरला होता, तेवढे अर्धे पान मात्र निमूटपणे बाहेर आले.

येथवर दृष्टान्त जुळतो; पुढे मात्र तो मोडतो, आणि मोडतो तेथेच मला कर्मसिद्धान्ताची न्यायबुद्धी अधिक जाणवते. एकाच्या ज्ञानाने दुसऱ्याचे कर्म जळत नाही, असे तो सिद्धान्त बजावतो. माझ्या हातून नेमके त्याच्या उलट घडले. प्रिंटर सामाईक होता, आणि त्या फोल्डरात लेखाशाखेची दोन बिलेही निमूट आपल्या पाळीची वाट पाहत होती. ती त्यांनी संध्याकाळी पुन्हा छापली.