बुडीद

(शास्त्रभाग : प्रेषितांची कृत्ये २७:२७-३२)

पौलाच्या समुद्रप्रवासाचा हा अध्याय आपण पुष्कळदा वाचतो; पण वादळ आणि जहाजफुटी यांवरच आपले लक्ष खिळते व मधली एक लहानशी गोष्ट सुटून जाते. चौदाव्या रात्री खलाशांना जमीन जवळ आल्यासारखी वाटली. त्यांनी बुडीद टाकले, तेव्हा पाणी वीस वाव भरले. थोडे पुढे जाऊन पुन्हा टाकले, तेव्हा पंधरा.

१९९९ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, आम्ही बेळगावहून निघून मुरगाव बंदरात लोहखनिज भरणाऱ्या एका जहाजावर डेक कॅडेट म्हणून चढलो. आम्ही तिघे कॅडेट होतो. पांढऱ्या गणवेशाची स्वप्ने पहिल्याच आठवड्यात गंज ठोकण्याच्या हातोडीखाली गेली. रोज सकाळचे आमचे काम साउंडिंगचे. डेकवरील नळीचे झाकण उघडायचे, दोरीला बांधलेली पितळी कांडी खडू लावून तळापर्यंत सोडायची, वर ओढून ओल कुठवर आली ते पाहायचे आणि वहीत लिहायचे. अशा एकेक टाक्या, एकेक बिल्ज. ओल्या खनिजाचे पाणी निथळून बिल्जमध्ये उतरतेच; पण वाढलेले पाणी निथळलेले की बाहेरून शिरलेले, हा विचार मोजल्यानंतरचा. जहाज डोलत असले तर दोनदा मोजायचे. झाकण मात्र घट्ट लावायचे, नाहीतर डेकवरचे पाणी त्याच वाटेने आत!

एका पावसाळी पहाटे आमच्यातील एकाने सुचविले की, कालचेच आकडे उतरवू या, रोज तेच तर येतात. रत्नागिरीकडचे बोसन चाचा जवळच उभे होते. ते रागावले नाहीत. "पोरांनो, पाणी तुमची वही बघून आत येत नाही," एवढेच म्हणाले आणि कांडी घेऊन आमच्यापुढे चालू लागले.

पौलाला तर देवदूताने आधीच सांगितले होते की, जहाजावरील कोणाच्याही जिवाचा नाश होणार नाही. अभिवचन मिळाले होते, तरी बुडीद पाण्यात गेले. पंधरा वाव म्हणजे जमीन जवळ, आणि खडकही जवळ. ते कळले म्हणूनच चार नांगर पडले. पुढे खलाशी नांगराचे निमित्त करून होडीतून पळू लागले, तेव्हा हे जहाजावर राहिले नाहीत तर तुमचा बचाव नाही असे शताधिपतीला बजावणारा कोण? ज्याला अभिवचन मिळाले तोच! अभिवचने पुढे करून मंडळीत कोणाला प्रश्नच विचारू न देणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी हा भाग सावकाश वाचावा.

२०२० साली महामारीमुळे जगभर सुमारे चार लाख दर्यावर्दी करार संपूनही जहाजांवर अडकले होते. आमच्या मंडळीतील एक मुलगा त्यांत होता. दर रविवारी आम्ही मोबाईलवरील उपासनेत त्याच्या आईला विचारीत असू, "कसा आहे?" त्या म्हणत, "बरा आहे." आमच्या वहीत रोज तोच आकडा. एके रविवारी एका वडिलांनी विचारले, "ताई, तो जेवतो का? रात्री झोपतो का?" बाई रडू लागल्या. मुलगा तीन आठवडे कोणाशी धड बोललाही नव्हता. त्या दिवशी प्रवचन झालेच नाही. त्याचे नाव घेऊन प्रार्थना झाली, आणि रात्री तिघा जणांनी आळीपाळीने त्याला फोन लावला.