संगणक मुंबईत, हात लाखनीत

सॉफ्टवेअर लिहिण्याच्या साधनांत नवं काय आलं, याची चर्चा आपल्याकडे होते ती पुण्या-बंगळुरूच्या नजरेनं. तिथं लाईन गेली तर इमारतीचा जनरेटर लागतो, एक इंटरनेट बंद पडलं तर दुसरं हाताशी असतं. अशा जागी बसून दूरच्या संगणकावर काम करण्याचं कुठलंही साधन चांगलंच वाटणार. ते खरोखर किती चांगलं आहे हे पाहायचं असेल तर भंडारा जिल्ह्यात यावं. पावसाळ्यात विजा कडाडल्या की इथं फीडर बंद होतो, रस्त्याच्या कडेला खोदकाम निघालं की फायबर तुटते, आणि आतल्या गावांत रेंज घराच्या एकाच कोपऱ्यात सापडते. माझं म्हणणं एवढंच की, दुरून काम करण्याच्या साधनाची परीक्षा इथं व्हायला हवी. त्याची सर्वांत जास्त गरज असलेला माणूस इथं राहतो.

आधी हे साधन करतं काय ते पाहू. दूरच्या संगणकावर काम करणं नवीन नाही. १९९५ मध्ये फिनलंडच्या हेलसिंकी तंत्रविद्यापीठात पासवर्ड चोरीला गेले, म्हणून ताटू युलोनेन यांनी सुरक्षित जोडणी करून देणारा एसएसएच हा प्रोग्राम लिहिला. तेव्हापासून जगभरचे प्रोग्रामर टर्मिनलच्या काळ्या खिडकीतून हजारो कोसांवरचे सर्व्हर चालवत आले आहेत. दुसरा मार्ग दूरच्या पडद्याचं चित्रच इकडे पाठवण्याचा. त्यात डेटा भरपूर जातो आणि रेंज डगमगली की माऊसचा बाण अडकून बसतो. मे २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं व्हीएस कोड या एडिटरला जी रिमोट विस्तारणं जोडली, त्यांनी तिसरा मार्ग रुळवला. एडिटरचे दोन भाग केले. पडदा, कीबोर्ड आणि उघडलेल्या फाईलचा मजकूर तुमच्या लॅपटॉपवर. मूळ फाईल, कंपायलर, डेटाबेस आणि चाचण्या त्या दूरच्या संगणकावर. तुम्ही अक्षर टाईप केलं की ते लगेच उमटतं, कारण ते इथंच उमटतं. तारेतून जातात ते फक्त बदल.

याचा इथल्या मुलाला काय फायदा? अँड्रॉइड स्टुडिओ चालवायचा तर किमान ८ जीबी मेमरी लागते, आणि मोबाईलची नक्कल पडद्यावर चालवायची तर १६ जीबी बरी. धानावर चालणाऱ्या घरात एवढा लॅपटॉप घेणं म्हणजे एका हंगामाचा हिशेब. काम जर दुसरीकडच्या संगणकावर होणार असेल, तर चार जीबीचा जुना लॅपटॉपही पुरतो. ही सोय मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाची वाटते, आणि तिची जाहिरात सर्वांत कमी होते.

अंतराचाही हिशेब एकदा नीट मांडू. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. भंडारा ते मुंबई रेल्वेनं सुमारे नऊशे किलोमीटर. जाऊन येऊन अठराशे म्हणजे नऊ मिलिसेकंद. वाटेतली उपकरणं त्यात भर घालतात, तरी हातांना ते जाणवत नाही. तोच सर्व्हर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असेल, तर सरळ रेषेतलं अंतरही बारा हजार किलोमीटरच्या वर जातं आणि एका फेरीला निव्वळ प्रकाशाचे १२० मिलिसेकंद लागतात. प्रत्यक्षात त्याच्या जवळपास दुप्पट धरा. तेव्हा टर्मिनलमध्ये प्रत्येक अक्षर मागून येताना दिसू लागतं. ॲमेझॉननं मुंबईत २०१६ मध्ये आणि मायक्रोसॉफ्टनं पुण्यात त्याच्या आदल्या वर्षी डेटा सेंटर उघडलं, तेव्हा भंडाऱ्यात त्याची बातमी झाली नाही. व्हायला हवी होती.

आमच्या लाखनीच्या पाहुण्यांचा मुलगा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आषाढात रोवणी चालू होती, घरचे सगळे बांधीत, आणि हा ओसरीवर मोबाईलच्या हॉटस्पॉटवर मुंबईतल्या सर्व्हरवर काम करत होता. एडिटरच्या डाव्या कोपऱ्यात खाली सर्व्हरचं नाव दिसत होतं. ढग गडगडले, लाईन गेली, मागोमाग टॉवरही बसला. त्या कोपऱ्यातलं नाव जाऊन पुन्हा जोडणी करत असल्याची ओळ आली. तो निवांत उठला, चहा ठेवला. मी विचारलं, "अरे, काम गेलं ना?" तो म्हणाला, "नाही काका, चाचण्या तिकडं चालूच आहेत." लाईन आली नव्हती, पण रेंज आली. पडदा जागचा जागी परत आला, आणि टर्मिनलमध्ये त्या मधल्या काळात पूर्ण झालेल्या चाचण्यांच्या ओळी भराभर खाली उतरल्या. अपयशी ठरलेली एक चाचणी लाल अक्षरांत होती. ती त्यानं तिथंच दुरुस्त केली.

नुसत्या एसएसएचवर असता तर जोडणी तुटताच चालू असलेली आज्ञाही मेली असती. त्यावरचा जुना उपाय टीमक्स. हा छोटा प्रोग्राम सर्व्हरवर तुमची बैठक धरून ठेवतो, तुम्ही उद्या परत आलात तरी. २०१२ मध्ये एमआयटीतल्या कीथ विन्स्टाइन आणि हरी बालकृष्णन यांनी मॉश आणला. तो एक पाऊल पुढं गेला. तुमचं अक्षर सर्व्हरकडून परत येण्याची वाट न पाहता, ते येणारच असा अंदाज बांधून आधीच दाखवतो, आणि तुम्ही वायफायवरून मोबाईल डेटावर गेलात तरी बैठक तुटू देत नाही. आज मोठ्या एडिटरांत जे नवं म्हणून येतं त्यातलं बरंच या दोन फुकट, खुल्या प्रोग्रामांनी आधीच करून दाखवलं होतं. व्हीएस कोडच्या टर्मिनललाही पुढे असं आगाऊ अक्षर दाखवण्याची सोय मिळाली. माझ्या मते कुठल्याही नव्या आवृत्तीत शोधायची पहिली गोष्ट हीच: तुटल्यावर काय उरतं?

दुसरी सोय, रिमोट टनेल, व्हीएस कोडमध्ये २०२२ च्या अखेरीस आली आणि ती भंडाऱ्यासारख्या ठिकाणी उलट्या दिशेनं वापरता येईल. मोबाईल कंपन्या हजारो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागं ठेवतात, त्यामुळं बाहेरून तुमच्या संगणकापर्यंत थेट पोचता येत नाही. रिमोट टनेलमध्ये दोन्ही संगणक बाहेरच्या बाजूनं एका मध्यस्थाला जोडले जातात आणि तिथं त्यांची गाठ पडते. राउटरमध्ये काही उघडावं लागत नाही. आता विचार करा, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतले बऱ्यापैकी संगणक संध्याकाळी पाचनंतर आणि सुट्ट्यांत बंदच असतात. त्यातले चार चालू ठेवले आणि प्रत्येकावर एक टनेल उघडला, तर मोहाडीचा किंवा साकोलीचा विद्यार्थी रात्री घरून त्यावर काम करू शकतो. नवीन खरेदी शून्य. लागतो तो एक जबाबदार माणूस, विजेची खात्री आणि प्राचार्यांची सही. मात्र हा मध्यस्थ एका कंपनीचा आहे, तिचं खातं लागतं आणि नियम ती ठरवते. एवढं विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाकावं.

कारण नियम बदलतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये व्हीएस कोडची १.८६ ही आवृत्ती आली आणि उबुंटू १८.०४ किंवा सेंटओएस ७ सारख्या जुन्या प्रणालींच्या सर्व्हरना जोडणं एका रात्रीत बंद झालं. त्यांच्यातली मूळ सी लायब्ररी जुनी होती, एवढंच कारण. जगभरातून ओरड झाल्यावर काही दिवसांत सवलत दिली गेली आणि मुदत वाढली. पुढे २०२५ मध्ये ती मुदतही संपली. तांत्रिकदृष्ट्या कंपनीचं चुकलं असं मी म्हणणार नाही, जुनं कायम सांभाळणं कुणालाच जमत नाही. पण जुने सर्व्हर कुठं असतात? सरकारी संस्थांत, लहान महाविद्यालयांत, आपल्यासारख्या जिल्ह्यांत. ॲमेझॉननं क्लाउड-९ ही ब्राउझरमधली कार्यशाळा जुलै २०२४ मध्ये नव्या ग्राहकांना बंद केली, तेव्हा तिच्यावर बेतलेले अभ्यासक्रमही अधांतरी झाले.

फुकटाचंही तसंच. गिटहबची कोडस्पेसेस ही दूरचा संगणक वापरायला देणारी सेवा वैयक्तिक खात्याला महिन्याला १२० कोअर-तास देते. दोन कोअरचा संगणक घेतला तर ते साठ तास झाले. अर्धा तास हात लावला नाही तर संगणक झोपतो, आणि महिनाभर उघडला नाही तर नेहमीच्या मांडणीत तो पुसलाच जातो. शिकणाऱ्याला साठ तास पुष्कळ आहेत, याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. पण परीक्षा, आजारपण आणि रोवणी एकाच महिन्यात आलेल्या मुलाचं न पाठवलेलं काम त्यात जाऊ शकतं.

दुसऱ्यावर किती विसंबावं, या प्रश्नाचं उत्तर या जिल्ह्यातला पाण्याचा अनुभव देतो. कोहळी समाजानं गोंड राजांच्या काळापासून गावोगाव तलाव बांधले, ज्यांना आज आपण मामा (माजी मालगुजारी) तलाव म्हणतो. पाऊस पडला तिथं अडवला, आणि कुणाच्या बांधीला कधी पाणी द्यायचं हे गावानं ठरवलं. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारकडं आले, गाळ साचत गेला. पवनीजवळ गोसीखुर्दची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. त्या धरणाचं पाणीही हवंच आहे. पण कालव्याचं पाणी दुसऱ्याच्या वेळापत्रकानं येतं, आणि गावात तलाव असेल तर उशीर सोसता येतो. दूरचा संगणक हे धरण आहे. तलाव आहे गिट. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये ते लिहिलं तेव्हाच ठरवलं की प्रत्येकाच्या संगणकावर प्रकल्पाची पूर्ण प्रत, पूर्ण इतिहासासह असेल. इंटरनेट नसताना बदल नोंदवता येतात, जुनी आवृत्ती काढता येते, नवी शाखा करता येते. रेंज आली की पाठवून द्यायचं. ज्याला गिट नीट येतं त्याला दूरचं साधन बंद पडलं तर एक संध्याकाळ वाया जाते. ज्याला येत नाही त्याचं सत्र वाया जातं.

आता नोकरीचं. नोव्हेंबर २०२० पर्यंत दूरसंचार विभागाच्या नियमांत घरून काम देणं कंपन्यांना किचकट होतं, नोंदणी आणि सुरक्षा ठेवींसकट. ते नियम तेव्हा बरेचसे काढून टाकले गेले. त्याच वर्षी टीसीएसनं जाहीर केलं की २०२५ पर्यंत एका वेळी पंचवीस टक्क्यांहून जास्त कर्मचाऱ्यांना कार्यालयात यावं लागणार नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच कंपनीनं पाचही दिवस कार्यालयात बोलावलं. साधन दरवर्षी सुधारत होतं, आणि गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस पुन्हा बॅगा घेतलेल्या पोरांनी भरत होती. कोडच्या सुरक्षेचं कारण दिलं जातं, ते मला पटत नाही. सगळं भांडार सर्व्हरवर राहणार असेल, तर चोरीला गेलेल्या लॅपटॉपमुळं होणारं नुकसान उलट कमीच. दुसरं कारण मात्र खरं आहे: नवखा माणूस जाणत्याच्या शेजारी बसून शिकतो. एकाच फाईलमध्ये दोघांनी एकदम काम करण्याची सोय लाइव्ह शेअरनं दिली, पण जाणत्यानं रोज तासभर द्यायचं ठरवलं तरच तिचा उपयोग. तमिळनाडूत तेनकाशीला झोहो या सॉफ्टवेअर कंपनीनं कार्यालय थाटलं आणि तिचे संस्थापक श्रीधर वेंबू स्वतः गावात राहायला गेले. ठरवलं तर होतं, याचा तो पुरावा आहे. तुमसर किंवा भंडाऱ्यात वीस खुर्च्यांचं कार्यालय कुठल्याही मराठी उद्योजकाच्या आवाक्यातलं आहे.

२०२५ पासून काम सोपवून निघून जाण्याची सोयही आली आहे. एआय मदतनीस दूरच्या संगणकावर बदल करतो आणि तपासणीसाठी मांडून ठेवतो. जोडणी धरून बसावं लागत नाही हे आपल्या सोयीचंच. पण त्यानं केलेलं बरोबर की चूक हे ओळखायला आधी स्वतः लिहिलेलं असावं लागतं, म्हणून पहिल्या दोन वर्षांच्या विद्यार्थ्याला मी त्यापासून लांबच ठेवीन.

जिल्ह्यातल्या महाविद्यालयांना माझी विनंती आहे की पहिल्या सत्रात गिट, एसएसएच आणि टीमक्स शिकवा, कंपनीचं साधन नंतर. भारतनेटची फायबर ज्या ग्रामपंचायतीत पोचून पडून आहे, तिथल्या सरपंचांनी ती अभ्यासिकेपर्यंत ओढून घ्यावी. आणि पुण्या-हैदराबादहून दिवाळीला येणाऱ्यांनो, मंडई आणि दंडारीसाठी तुम्ही गावात थांबताच. त्यातली एक दुपार गावातल्या दोन मुलांना द्या. त्यांना एसएसएचची किल्ली तयार करून द्या, पहिलं गिट भांडार उघडून द्या, आणि तुमचा फोन नंबर देऊन परत जा.