सदर वस्तूचा उपयोग काय?

काही प्रश्न दिसायला साधे असतात, पण स्वभावाने फार उर्मट. "याचा उपयोग काय?" हा त्यांतला अव्वल नंबरचा. आमच्या घरात तो वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी आठ दिवस, रोज सकाळी नऊ ते बारा या वेळात विचारला जातो. विचारणारी आमची सौ.; समोर उभ्या केलेल्या वस्तू तेवढ्या बदलत असतात. तुटक्या दांडीची छत्री, १९९१ सालचं पंचांग, झाकण हरवलेला डबा आणि डबा हरवलेलं झाकण. ज्या वस्तूला समाधानकारक उत्तर देता येत नाही ती कबाडीवाल्याच्या तराजूत जाते. मी सेवानिवृत्त झालो त्या वर्षी हा प्रश्न विचारता विचारता तिची नजर कपाटावरून, माळ्यावरून फिरत फिरत एक क्षण माझ्यावर थांबली होती. लगेच पुढे सरकली, नाही असं नाही. पण तेव्हापासून त्या आठ दिवसांत मी शक्यतो हातात झाडू घेऊन उभा असतो.

यंदा वडिलांची लोखंडी पेटी खाली उतरली. तीत रेल्वेचे जुने पास, एक कानटोपी, आईचा चश्मा आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू निघाली. वस्तू लोखंडी. लांबी माझ्या वितीहून चार बोटं जास्त. एका टोकाला आकडा; पण टोकदार नव्हे, बोथट आणि गुबगुबीत. मधली सळई ठोकून चपटी केलेली, एका जागी तिला पीळ दिलेला. दुसऱ्या टोकाला अर्धं कडं आणि त्या कड्याच्या दोन्ही टोकांना एकेक भोक. कारखान्याचा छाप कुठेच नाही. कुणीतरी ती मुद्दाम हाताने करवून घेतली होती, एवढं मलासुद्धा कळलं.

"याचा उपयोग काय?" ठरल्या वेळी प्रश्न आला.

"वडिलांची आहे," मी म्हणालो.

"ते मालक झाले. मी उपयोग विचारते आहे."

पण छत्तीस वर्षं सरकारी कचेरीत काढलेला माणूस एवढ्याने अडत नसतो. "सदर वस्तूबाबत चौकशी करून अहवाल सादर करण्यात येईल," असं मी जाहीर केलं आणि चौकशीसाठी थेट सदरलाच गेलो.

बाहेरगावच्या वाचकांसाठी इथे थोडा खुलासा केला पाहिजे. कचेरीच्या भाषेत 'सदर' म्हणजे वर उल्लेखिलेला. वाड्यात सदर म्हणजे मालकाची बसायची जागा. वर्तमानपत्रात दर रविवारी येतं तेही सदर. आणि नागपुरात सदर म्हणजे ती वस्ती, जिथे मी लहानाचा मोठा झालो. रेसिडेन्सी रोडवरून आता उड्डाणपूल गेला आहे, त्यामुळे बऱ्याच लोकांना सदर वरूनच दिसतं. पण पुलाखाली गल्ल्या आहेत, आणि गल्ल्यांत अजून माणसं आहेत.

वस्तूचा उपयोग कळत नसेल तर खरं म्हणजे जवळच अजब बंगला आहे. १८६३ साली स्थापन झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयाला नागपूरकरांनी दिलेलं हे नाव. नावं ठेवण्यात आम्ही कधी हात आखडता घेत नाही. पण विद्वानांकडे जायची मला धास्ती वाटते. एखाद्या वस्तूचा उपयोग कळला नाही की तिला 'धार्मिक विधीसाठी' म्हणून मोकळं व्हायचं, अशी त्यांच्यातलीच एक जुनी थट्टा आहे. युरोपात रोमन काळातले बारा बाजूंचे, पोकळ, कांस्याचे ठोकळे शंभरावर सापडले आहेत. २०२३ साली इंग्लंडात नॉर्टन डिस्नी या गावी आणखी एक निघाला. मेणबत्तीची बैठक म्हणावं, जमीन मोजायचं साधन म्हणावं की हातमोजे विणायचा साचा, याचा निकाल अजून लागलेला नाही. शेवटी विधी आहेतच. आमच्या वडिलांचा धार्मिक विधींशी संबंध फक्त जेवणापुरता होता. म्हणून मी लोहाराकडे गेलो.

गल्लीच्या तोंडाशी भट्टी. भाता जाऊन तिथे विजेचा पंखा आला आहे, पण ऐरण जुनीच. म्हातारे मिस्त्री, वेल्डिंग करणारा त्यांचा तरुण पुतण्या आणि रामटेककडून आलेला त्यांचा एक सोयरा, तोही लोहारच, असे तिघे बसले होते. मी वस्तू पुढे केली आणि तोंड उघडणार तोच मिस्त्री म्हणाले, "थांबा जी! सांगू नका. आमी ओळखून पाहतो. जो चुकंल तो चहा पाजंल."

सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतंच. पण मी उगाच गूढ हसलो.

"शटर ओढायचा आकडा होय," पुतण्या म्हणाला. "रोज सकाळी पाहून राहिलो ना मी."

"शटरचा आकडा हातभर पाहिजे. एवढ्याशानं ओढशील तर शटर येईल दातावर," मिस्त्रींनी त्याला निकालात काढलं.

सोयऱ्याने वस्तू उलटीसुलटी केली. "विहिरीत बादली पडली का काढायचा गळ होय हा. या भोकातून दोर ओवायचा."

"गळाले एकच आकडा असते का? चार असते. बादली एका आकड्याची वाट पाहत बसते का?" पुतण्याने सूड उगवला.

मिस्त्रींचं मत निराळं होतं. ते लहान असताना सदरला तांगे होते. घोड्याच्या टापेत अडकलेला खडा काढायचं हे हत्यार आहे, आणि भोकात पट्टा घालून तांगेवाला ते कमरेला बांधत असला पाहिजे. चहा घेऊन आलेल्या पोऱ्याने सांगितलं की हे उकळतं पातेलं उतरवायचं आहे. रस्त्याने जाणारा एक हवालदार गर्दी पाहून थांबला, "कुलपं तोडायचं दिसते," म्हणाला आणि वस्तू सोडून माझ्याकडेच निरखून पाहू लागला.

लोखंड एकच होतं, पण ज्याने त्याने त्यात आपापली रोजची सकाळ पाहिली. मला मोठी गंमत वाटली. हा खेळ आपण माणसांच्या बाबतीतही खेळतोच की. नवा जावई आला की सासऱ्याला त्याच्यात दुकान सांभाळणारा दिसतो, सासूला गॅसचं सिलिंडर उचलणारा आणि मेव्हण्याला उसने पैसे देणारा.

चहा निवत होता तोवर मला कॉलेजात वाचलेले दोन तत्त्वज्ञ आठवले. ॲरिस्टॉटलने कुऱ्हाडीचा दाखला दिला आहे. कुऱ्हाड सजीव असती, तर तिचं कुऱ्हाडपण हाच तिचा आत्मा झाला असता. ते गेलं की उरते ती नावाचीच कुऱ्हाड. सार्त्रने १९४५ साली पॅरिसच्या एका व्याख्यानात कागद कापायची सुरी घेतली. सुरी करणाऱ्याच्या डोक्यात तिचा उपयोग आधी येतो आणि सुरी मागून. माणसाचं मात्र उलट आहे, तो आधी जन्माला येतो आणि आपण कोण ते मग त्याचं तो ठरवतो. दोघेही थोर, पण दिवाळीच्या आधी माळा आवरायची वेळ दोघांवरही आली नसावी. ॲरिस्टॉटल खरा मानला, तर ५८व्या वर्षी महिन्याच्या अखेरच्या दिवशी माझा आत्मा कचेरीतल्या कपाटाच्या किल्ल्यांबरोबरच जमा झाला. सार्त्र खरा मानला, तर आपण कोण हे मला आता नव्याने ठरवायला हवं, आणि ते घरी बसून, सौ.च्या देखत.

"आता गंमत झाली," मिस्त्री म्हणाले, "आता नीट पाहू द्या." त्यांनी चश्मा चढवला आणि कडेवरून अंगठा फिरवला. मग ते हळूहळू बोलू लागले, मला सांगत होते की स्वतःला, कोण जाणे.

"आकड्याले टोक काहून नाही? टोक काढणं तर सोपं होतं. हे मुद्दाम मारलं आहे, कोणाले बोचू नये म्हणून. कडा पाहा, चारी बाजूनं कानस मारली. शटरच्या आकड्याले कोणी एवढी कानस मारत नाही. भोकात कातड्याचा पट्टा होता. अन् झीज एकाच अंगाले आहे. म्हणजे डावा हात." त्यांनी ते अर्धं कडं मुठीत धरून पाहिलं. जमेना. मग ते त्यांनी मनगटावर बसवलं. बरोबर बसलं. "हे पाहा. मुठीत धरायचं नाहीच हे. याची मूठ वळत नव्हती जी. तुमी उपयोग विचारून राहिले. कोणासाठी केलं होतं ते सांगा पहिले, मंग मी उपयोग सांगतो."

एवढं बोलून त्यांनी वस्तू खाली ठेवली. ठेवताना आकडा ऐरणीच्या कडेला लागला आणि 'टक्' असा आवाज झाला.

तो आवाज माझ्या ओळखीचा होता.

माझ्या आईला संधिवात होता. १९७८ नंतर तो वाढला. दोन्ही हातांची बोटं वाकडी झाली, त्यातल्या त्यात डावा हात बरा. मी त्या वेळी मुंबईला नोकरीला. वर्षातून दोनदा, दिवाळीत आणि मे महिन्यात, पाहुण्यासारखा यायचो. पहाटे स्टेशनवरून घरी पोचायचो. आमच्या दाराला आतून वरच्या बाजूला कडी होती. मी हाक मारली की आत पावलं वाजायची, मग 'टक्', मग कडी सरकल्याचा आवाज, आणि दारात आई. दार नेहमी आईच उघडायची. "हात कसे आहेत?" हे मी दर पत्रात न चुकता विचारलं. त्या हातांनी ती कडी कशी काढते, हे मात्र दाराबाहेर उभा असतानाही माझ्या मनात आलं नाही.

वडील घरातच असत. उठून कडी काढणं त्यांना काही जड नव्हतं. तरी ते लोहाराकडे गेले असणार, आकड्याचं टोक मारायला सांगितलं असणार, चारी कडांना कानस मारून घेतली असणार. मुलगा आला की दार आपल्या हाताने उघडायचं, एवढी एकच हौस तिच्या हातांत उरली असेल. ती आपण उठून काढून घेऊ नये, इतकं त्यांना समजत होतं. आम्हा मुलांना ते अबोल आणि रुक्ष वाटायचे.

हा पुरावा होत नाही, हे मलाही कळतं. ते भाड्याचं घर पाडून तिथे चार मजले उभे राहिले, कडी तर केव्हाच गेली. विचारावं असं घरात कुणी उरलेलं नाही. मी मिस्त्रींना सारं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "असंल. तरी पण, घोड्याचंही असू शकते." चहाचे पैसे मीच दिले. एवढी वर्षं सर्वांत चुकलेला मीच होतो.

परत येताना काटोल रस्त्याचा फाटा दिसला आणि माहुरझरी आठवलं. नागपूरच्या आसपास, माहुरझरीला, टाकळघाट-खापाला, जुनापाणीला, दगडांची मोठमोठी वर्तुळं आहेत. अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या माणसांनी आपले मृत तिथे पुरले. १९६८ ते १९८० या काळात पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यांतली काही ठिकाणं खणली. त्यांत लोखंडी कुऱ्हाडी मिळाल्या, त्यांना दांड्याशी जखडायला आडव्यातिडव्या लोखंडी पट्ट्या. पटाश्या मिळाल्या, लगामाचे तुकडे मिळाले. माहुरझरीला पुरलेला घोडा आणि त्याच्या तोंडावरचे तांब्याचे दागिनेही मिळाले. पेंच नदीकाठच्या नैकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच निघाली, हवा फुंकायच्या मातीच्या नळ्यांसकट. म्हणजे आमच्या मिस्त्रींचं घराणं तसं बरंच जुनं.

ही माहिती मी पूर्वी वाचली होती तेव्हा मनात म्हटलं होतं, एवढं चांगलं लोखंड मातीत घालायचा उपयोग काय? त्या संध्याकाळी पहिल्यांदा त्या लोकांचं पटलं. त्यांच्या मनात दुसरं काय असेल ते असो, माणूस आणि त्याची कुऱ्हाड यांची त्यांनी ताटातूट केली नाही. आपण माणसाला भिंतीवरच्या फोटोत पाठवतो आणि त्याच्या वस्तूला पेटीच्या तळाशी. चाळीस वर्षांनी ती वस्तू बाहेर काढायची आणि तिलाच दरडावून विचारायचं, तुझा उपयोग काय? ती काय सांगणार? ज्याला विचारायचं तो माणूस समोर होता, तेव्हा आपण बॅग उचलून घरात शिरलो, 'चहा टाक' म्हणालो.

घरी येऊन अहवाल तोंडीच सादर केला. सौ. काही बोलली नाही. तिने वस्तू हातात घेतली, अर्धं कडं डाव्या मनगटावर बसवलं आणि हात वर करून हवेतच एक कडी काढून पाहिली. मग माझ्याकडे पाठ करून ती पेटी पुसत राहिली. दुसऱ्या दिवशी कबाडीवाला आला. छत्री गेली, पंचांग गेलं, डबा गेला, झाकण गेलं.

वस्तू आता आमच्या दाराशेजारी खिळ्याला अडकवलेली आहे. येणारा-जाणारा विचारतोच, "हे काय हो?" सौ. म्हणते, "ओळखा. चुकलात तर चहा पाजायचा." आजवर सगळे चुकले. पण घरी आलेल्या पाहुण्याकडून चहा कसा घेणार? तो मीच करतो. माझा एवढा उपयोग आता ठरून गेला आहे.