योहानाच्या कमरेचा पट्टा



आज आगमनकाळातील दुसरा रविवार. यार्देनेच्या काठी पश्चात्तापाची हाक देणारा योहान आज आपल्याला भेटतो. अंगात उंटाच्या केसांचे वस्त्र, कमरेला कातड्याचा पट्टा, खायला टोळ आणि रानमध. या वर्णनावर प्रवचन देताना आम्ही टोळांविषयी आणि रानमधाविषयी अनेकदा बोललो. पट्ट्याविषयी कधीच बोललो नाही. यंदा बोलायचे आहे, आणि त्याला कारण कुडपणचे शिबिर.

दिवाळीच्या सुट्टीत आपल्या युवक संघाच्या मुलामुलींना घेऊन आम्ही चार दिवस कुडपणला राहिलो, हे आपणास ठाऊक आहेच. पोलादपूर तालुक्यातले हे गाव सह्याद्रीच्या माथ्याजवळ, रायगड जिल्ह्याच्या अगदी टोकाला आहे. शेलारमामांचे गाव म्हणून त्याला ओळखतात. प्रार्थना आणि श्रमदान यांच्या जोडीला मुलांनी एखादे हातकाम शिकावे असे ठरले होते. महाडकडचे एक वयस्कर चर्मकार काका आमच्या विनंतीला मान देऊन वर आले. आयुष्यभर त्यांनी चपला शिवल्या. मुलांना ते कातड्याचे नक्षीदार पट्टे करायला शिकवणार होते.

पहिल्या दिवशी काकांनी हत्यार हातात दिलेच नाही. आधी कातडे ओळखायला शिकवले. आज बाजारात मिळणारे बहुतेक कातडे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते. ते मऊ असते, पण त्यावर मारलेला ठसा टिकत नाही. नक्षी धरते ते झाडपाल्याच्या रसाने कमावलेले कातडे. कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून असेच कमावतात. काकांनी वाटेवरचा एक हिरडा उचलला आणि म्हणाले, “खोकला झाला की हा चघळता ना? हाच कातड्याच्याही पोटात जातो.”

पट्ट्यासाठी जनावराच्या पाठीचे कातडे घ्यायचे. पोटाकडचे ताणत जाते. दीड इंच रुंदीची पट्टी कमरेच्या मापापेक्षा आठ-दहा इंच लांब कापायची. मग ती स्पंजाने ओली करायची आणि थांबायचे. फार ओल्या कातड्यावर ठसा मारला तर पाणी वर येते आणि नक्षी फिसकटते. कोरड्यावर मारला तर ठसा नीट बसतच नाही. पट्टीचा मूळ रंग परत येऊ लागला, पण गालाला लावल्यावर ती अजून गार लागते, तेव्हा वेळ झाली असे समजायचे. कुडपणच्या धुक्यात ही वेळ यायला दुपार होई. मुले कंटाळून जात. काका मात्र शांतपणे बिडी ओढत बसत.

मग बोथट टोकाने नक्षी काढायची. कुणी वेल काढला, कुणी मासा, कुणी क्रूस. धारदार पात्याने त्या रेघा कापायच्या, पण जाडीच्या निम्म्यापर्यंतही जायचे नाही. रेघेच्या एका अंगाला ठसा धरून लाकडी मोगरीने ठोकत गेले की ते अंग दबते आणि पान वर उठून दिसते. काकांचे निम्मे ठसे म्हणजे कानशीने घासलेले मोठे खिळे होते. कातड्यावर कापलेली रेघ खोडता येत नाही. एका मुलीचे पाते घसरले आणि तिला रडू आले. काकांनी त्या चुकलेल्या रेघेचाच देठ केला आणि त्याला नवे पान काढून दिले. शेवटी पट्टी वाळवून रंग आणि तेल द्यायचे, कडा लाकडाने घासून गुळगुळीत करायच्या, बक्कल लावायचे. भोके पाच किंवा सात पाडायची, म्हणजे मधले भोक आपल्या मापाला येते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्विनास यांचा एक विचार आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता. घेणारा जसा असेल, तशीच घेतलेली वस्तू त्याच्यात सामावते, असा त्याचा आशय. देवाची कृपा कमी पडत नाही. ती घेणारे मन कसे आहे, हा प्रश्न आहे. त्या ओल्या पट्टीकडे पाहताना तो धडा आम्हाला नव्याने कळला. आणि दुसऱ्याच दिवशी आमची परीक्षा झाली.

दुपारची पंगत बसली होती. स्वयंपाक आमच्याच मुलांनी केला होता, गावाचा त्यात काही संबंध नव्हता. काकांनी पिशवीतून आपली थाळी आणि पेला काढला आणि ते ओटीच्या कडेला वेगळे जाऊन बसले. त्यांना कुणी तसे सांगितले नव्हते. पण कुणी “इकडे या” असेही म्हटले नाही. आम्ही ते पाहिले. “त्यांची सवय असेल,” असे मनाशी म्हणून आम्ही भोजनाची प्रार्थना सुरू केली. प्रार्थना संपताच एक मुलगा आपले ताट घेऊन उठला आणि काकांच्या शेजारी जाऊन बसला. मग दुसरा उठला, मग मुली उठल्या. सर्वांत शेवटी आम्ही उठलो. बंधू-भगिनींनो, हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिणे आवश्यक आहे.

परतताना महाडला चवदार तळ्याजवळ थांबलो. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या हजारो बांधवांसह येथे पाणी प्याले. सार्वजनिक तळ्यावरचा तो हक्क उच्च न्यायालयात कायम व्हायला १९३७ साल उजाडले. दहा वर्षे, घोटभर पाण्यासाठी! आम्हाला मात्र आमच्या ताटासकट दहा पावले चालायची होती, आणि तीही जड गेली.

प्रेषितांच्या कृत्यांत एक घर आहे. यापो शहरात, समुद्राच्या काठी, शिमोन नावाच्या माणसाचे. तो कातडी कमावणारा. आपले मराठी बायबल त्याला सरळ चांभार म्हणते. मेलेल्या जनावराला शिवणारा अशुद्ध, असा यहुदी नियम होता. तरी संत पेत्र त्याच्याकडे बरेच दिवस पाहुणा म्हणून राहिला. तिथेच, भर दुपारी, भूक लागलेली असताना, गच्चीवर प्रार्थना करणाऱ्या पेत्राला तो दृष्टान्त झाला: देवाने जे शुद्ध केले त्याला अशुद्ध म्हणू नये. त्यानंतर पेत्र परराष्ट्रीय कर्नेल्याच्या उंबऱ्याच्या आत गेला. परराष्ट्रीयांसाठी, म्हणजे तुमच्याआमच्यासाठी, ख्रिस्तसभेचे दार उघडले ते एका चर्मकाराच्या घरातून. त्या घरी राहून पेत्राचे मन आधीच ओलावले होते, म्हणून देवाचा ठसा त्यावर उमटला, असे आम्हाला वाटते.

शिबिरानंतर एक माउली भेटायला आल्या. “फादर, पोराला कॉलेजात घातलं ते हे काम करायला? लोक काय म्हणतील?” आम्ही त्यांना रागावलो नाही. ओटीवर सर्वांत शेवटी उठणाऱ्याला तो अधिकार नाही. आम्ही त्यांना एक हकीकत सांगितली. दक्षिण आफ्रिकेतील मारियानहिल येथे ट्रॅपिस्ट संन्याशांनी स्थापन केलेला कॅथलिक मठ आहे. गांधीजींचे मित्र कालेनबाख हे पेशाने वास्तुशिल्पी. ते त्या मठात जाऊन चपला करायला शिकले. १९१० साली सुरू झालेल्या टॉल्स्टॉय फार्मवर त्यांनी ते काम गांधीजींना आणि इतरांना शिकवले. पुढे गांधीजींनी स्वतः केलेल्या चपला जनरल स्मट्सना भेट दिल्या. बॅरिस्टराला जे काम हलके वाटले नाही, ते आपल्या मुलांना का वाटावे? माउली काही बोलल्या नाहीत. पण गेल्या रविवारी त्यांचा मुलगा मिस्साला तो पट्टा लावून आला होता.

प्रभूचा मार्ग सरळ करा, असे योहान सांगतो. आपल्या धर्मग्रामात तो मार्ग कदाचित दहा पावलांचाच असेल. पाण्याच्या पेल्यापासून, लग्नाच्या बोलणीपासून, कुणाची जात विचारताना खाली आलेल्या आवाजापासून तो सुरू होतो. स्नानसंस्काराने आपण सर्व एक झालो, हे आपण तोंडाने म्हणतो. या आगमनकाळात प्रत्येकाने स्वतःला विचारावे: माझ्या पंगतीच्या कडेला कोण बसले आहे?

नाताळानंतरच्या रविवारी काका आपल्या सभागृहात पट्ट्याचे काम शिकवायला येणार आहेत. दुपारी सर्वांचे जेवण एकाच पंगतीत होईल. त्यांनी केलेले पट्टेही विक्रीला असतील. कृपया किमतीत घासाघीस करू नये.

हे प्रभो, आमची कोरडी मने ओली कर आणि तुझा ठसा त्यांवर उमटव. आमेन.

आपले धर्मगुरू