पुन्हां उघडणारा सांधा

जुन्या फाउंटन पेनाच्या आट्यांतून शाई झिरपूं लागली म्हणजे सांधा कशानें बंद करावा, हा प्रश्न वरकरणीं कारागिराचा. परंतु आमच्या मतें तो नीतीचाहि आहे. १९३३ सालीं निघालेल्या पार्कर व्हॅक्यूमॅटिक पेनांत शाई सरळ नळींतच भरते, आणि आंतला रबरी पडदा कालांतरानें कुजतोच. तो बदलावयाचा तर पेन उघडलें पाहिजे. इपॉक्सीनें आटे जखडले असतील, तर पेन फुटण्याचीच भीति! लाख किंवा राळ यांचें तसें नाहीं. तीं शाई रोखतात, आणि बेताची ऊब मिळतांच सांधा सोडतात. जळगांवच्या सोनारांना लाखेचा हा गुण सांगावयास नको.

कोणी म्हणेल, गिऱ्हाइकाचा सदरा डागाळला नाहीं म्हणजे झालें. आजची गळती थांबविणें हें दुरुस्ती करणाराचें पहिलें कर्तव्य खरेंच. पण तें शेवटचें नव्हे. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळांत जुनीं दप्तरें जपलीं गेलीं, तीं पुढच्या अभ्यासकांसाठीं. पेनाचेंहि तेंच. कायमचा सांधा जोडणारा आपल्यामागून अधिक जाणता कोणी येणारच नाहीं, असें गृहीत धरतो. हा अधिकार आम्हांपैकीं कोणासच नाहीं.